शिडाच्या बोटीवर संसार: कॅरिबियन बेटांबद्दल विचारायचं आहे

वाळवंटातला_निळू
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं दुबईत, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. मुलगा शिकायला बाहेर पडला आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. इथे सुट्टीच्या दिवशी शिडाच्या बोटी चालवायला शिकलो, ग्रीसमध्ये आठवडाभर चार्टर बोट घेऊनही फिरलो. आता मनात असं आहे की मार्टिनिकला ल मारँमध्ये, जिथे वापरलेल्या बोटींचा मोठा बाजार आहे, ३८-४० फुटी बोट घ्यायची आणि एक-दोन वर्षं ग्रेनेडा ते अँटिग्वा या बेटांमध्ये बोटीवरच राहायचं.

इंग्रजीत माहितीचा पूर आहे. पण व्हिडिओत सगळे संध्याकाळी हातात ग्लास घेऊन पश्चिमेकडे तोंड करून बसलेले असतात. दिवसभर काय करतात ते कुणी दाखवत नाही. आपल्यातलं कुणी खरंच राहतंय का तिकडे? रोजचं जगणं, वादळांचा हंगाम आणि भारतीय पासपोर्ट, याबद्दल कळलं तर बरं होईल.

बाळाजीपंत_कोथरूड
कोथरूडात राहून समुद्राबद्दल मत देणं हा आमचा हक्क आहे, म्हणून बोलतो. मे महिन्यात सोसायटीसाठी टँकर मागवायचा अनुभव गाठीशी असेल तर निम्मी तयारी झाली. उरलेली निम्मी जाणकार सांगतील. वाचतोय.

मुक्ता७७
वाचनखूण साठवली आहे.

सागरगोटा
बाळाजीपंतांनी थट्टेत नेमकं बोट ठेवलंय.

मी आणि नवरा याच पट्ट्यात राहतो. बोट १९९०च्या दशकातली, ३८ फुटी, फायबरची. माहेर रत्नागिरी, पण तिथे असेपर्यंत समुद्र लांबूनच बघितलेला.

आमच्या टाक्यांत ४०० लिटर पाणी मावतं. दोघांना काटकसरीने दिवसाला २० लिटर पुरतं. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. आंघोळ मागच्या पायरीवरून समुद्रात, वर दोन तांबे गोडं पाणी. वॉटरमेकर, म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, बसवला की हात जरा सैल होतो. पण त्याचे चोचले फार. खारं पाणी पडद्यातून ढकलायला ५५ बारच्या आसपास दाब लागतो, तो पंप वीज खातो. बंदरातल्या तेलकट पाण्यात तो चालवायचा नाही. थोडे दिवस बंद राहणार असेल तर गोड्या पाण्याने धुऊन ठेवायचा, आणि ते पाणी धक्क्यावरच्या नळाचं असेल तर आधी कार्बन फिल्टरमधून काढायचं, कारण क्लोरीन लागलं की पडदा कामातून गेला.

वीज सोलरची. सगळ्यात खादाड फ्रिज. सलग ढगाळ दिवस आले की आम्ही आधी वॉटरमेकर बंद करतो, मग लॅपटॉप, मग पंख्यांवरून एकमेकांकडे बघायला लागतो.

आता नांगर. निळूभाऊ, बोट घ्याल तेव्हा सोफे बघू नका, नांगर आणि साखळी बघा. मरिना, म्हणजे बोटी धक्क्याला बांधून ठेवायची जागा, महाग, शिवाय तिथे वारा अडतो आणि डास येतात. म्हणून इथले बहुतेक लोक नांगरावरच राहतात. नांगरावर बोट आपोआप वाऱ्याकडे तोंड करते आणि पुढच्या झडपेतून थेट अंथरुणावर वारा येतो. आमच्या मापाच्या बोटीला २० किलोच्या वरचा नांगर हवा. १० मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या घरात भरते. ६० मीटर म्हणजे नाकावर कायमचं सव्वाशे-दीडशे किलो ओझं. पाण्याची खोली अधिक बोटीच्या नाकाची उंची, त्याच्या पाचपट साखळी सोडायची. वारा वाढणार असेल तर सातपट. वरून बघताना फिका पट्टा म्हणजे वाळू, काळसर म्हणजे समुद्री गवत. गवतावर नांगर नुसता घसरत जातो, आणि कासवं तेच गवत खातात, तेव्हा तिथे टाकूच नये. टाकल्यावर इंजिन मागे घेऊन ताण द्यायचा, मग गॉगल लावून पोहत जाऊन तो रुतलाय का ते डोळ्यांनी बघायचं. एवढं करून रात्री दोनला वाऱ्याच्या वरच्या अंगाची बोट घसरत तुमच्यावर येतेच. ती बहुधा भाड्याची असते आणि तिच्यावरचे पाहुणे गाढ झोपलेले असतात.

डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी, ही आमची स्कूटर. भाजी, गॅस, कपडे, कचरा, सगळं तिच्यावरून. रात्री ती पाण्यात सोडायची नाही, दोरीने वर उचलून कुलूप लावायचं. चोरीला जाते, आणि पाण्यात राहिली तर बुडाला शिंपले धरतात.

वादळांवर वेगळं लिहिते. आत्ता डाळ शिजलीय.

हर्णैकर
ताई, झकास. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. होड्या वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या, जाळी विणत बसायचं. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय जुनी माणसं दर्यात पाऊल टाकत नाहीत. तुमच्याकडे वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असं वाचलं. अर्धं वर्ष बोट बंद?

सागरगोटा
हर्णैकर, बंद नाही, पण अर्धं वर्ष आम्ही कुठे असायचं ते हा हंगाम ठरवतो. व्हिडिओंमध्ये हे मोकळं आयुष्य वगैरे असतं. प्रत्यक्षात वर्षाचं वेळापत्रक विमा कंपनी आणि अटलांटिक मिळून आखतात.

हरिकेन आफ्रिकेच्या बाजूने पश्चिमेला येतात आणि सहसा उत्तरेकडे वळत जातात. विषुववृत्ताच्या जवळ पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम कमी, त्यामुळे तिथे वादळाला गरगरण्याची गती धरता येत नाही. म्हणून विमा कंपन्या नकाशावर एक रेघ मारतात: जूनपासून बोट या अक्षांशाच्या दक्षिणेला हवी, नाहीतर नाव दिलेल्या वादळात झालेलं नुकसान आम्ही देणार नाही. ग्रेनेडा साधारण १२ अंशांवर, त्रिनिदाद साडेदहावर. त्यामुळे मे-जूनमध्ये सगळी वरात दक्षिणेकडे. ग्रेनेडाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या खाड्यांमध्ये मग एक गावच वसतं. सकाळी रेडिओवर सगळ्यांची हजेरी, हवामान, कुणाला काय विकायचंय, बाजाराची बस किती वाजता.

पण ती रेघ विमा कंपनीची आहे, वादळाची नाही. ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन ग्रेनेडावरून गेलं. बेटावरच्या दहातल्या नऊ घरांचं नुकसान झालं आणि जायफळाच्या बागा झोपल्या. जायफळ त्यांच्या झेंड्यावर आहे, यावरून काय गेलं ते समजा. नवीन झाड धरायला वर्षं लागतात.

आणि मग बेरील. १ जुलै २०२४, म्हणजे हंगाम जेमतेम सुरू झालेला. ते चौथ्या श्रेणीचं होऊन थेट कॅरियाकूवर आलं. हे ग्रेनेडाच्या उत्तरेचं छोटं बेट, लाकडी होड्या बांधणाऱ्यांचं. तिथल्या टिरेल बे नावाच्या खाडीत खारफुटी आहे. वादळ आलं की खारफुटीत घुसायचं, चारी बाजूंनी दोर बांधायचे, ही पिढ्यान्पिढ्यांची रीत. या वेळी तिथेही बोटी एकमेकींवर चढल्या, कित्येक बुडाल्या. बेटावर धड छप्पर शोधावं लागत होतं. पुढे समुद्रात तेच वादळ पाचव्या श्रेणीचं झालं. इतक्या लवकर त्या श्रेणीला पोचलेलं अटलांटिकमधलं ते नोंदीतलं पहिलं.

त्यामुळे नवीन येणाऱ्यांना मी म्हणते, ग्रेनेडाला पोचलात म्हणजे सुटलात असं धरू नका. मायामीचं हरिकेन केंद्र सात दिवस पुढचा अंदाज देतं, तो रोज सकाळी चहाआधी. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तर दिवसातून चारदा. दुसरा रस्ता म्हणजे बोट जमिनीवर उचलून ठेवायची. ग्रेनेडा आणि त्रिनिदादला मोठी यार्डं आहेत. लोखंडी पाळण्यात बोट बसवतात आणि जमिनीत पुरलेल्या नांगरांना पट्ट्यांनी जखडतात. शिडं, छत, डिंगी, वारा धरेल असं काहीही वर ठेवायचं नाही. म्हणजे तुमची शाकारणीच, फक्त झापांऐवजी बिल मोठं. आणि परत आल्यावर कपाटात बुरशी.

त्रिनिदादला जाणार असाल तर एक. त्या वाटेवर मागे चाचेगिरी झालेली आहे, म्हणून लोक किनारारक्षकांना कळवून, दोन-चार बोटी मिळून जातात.

हर्णैकर
खारफुटीत बांधूनही गेल्या? आमचे म्हातारे पण तेच सांगत, वादळात खाडीत आत शीर. बरं, बेटांमध्ये वारा कसा? जमिनीवरून सुटणारी मतलई असते का रात्रीची?

सागरगोटा
उंच बेटांच्या आडोशाला पहाटे थोडी असते, पण राज्य पूर्वेच्या वाऱ्याचं. बारा महिने पूर्व ते ईशान्य, १५ ते २० नॉट, म्हणजे ताशी तितके सागरी मैल. डिसेंबर ते फेब्रुवारी त्याला जोर चढतो, त्याला इथे ख्रिसमसचा वारा म्हणतात, तेव्हा २५-३० नॉट सलग आठवडाभर चालतात. भरती-ओहोटी मात्र तुम्हाला हसू येईल इतकी. जेमतेम अर्धा मीटर पाणी चढतं. उधाण बघायचं तर कोकणातच.

बेटांमधलं अंतर २० ते ४० सागरी मैल. आमची बोट पाच-सहा नॉटने चालते, म्हणजे पहाटे निघून दुपारी पोच. ऊन डोक्यावर असतानाच पोचायचं, कारण पाण्यातले खडक आणि प्रवाळ तेव्हाच रंगावरून ओळखता येतात. गंमत अशी की सेंट व्हिन्सेंट, डॉमिनिका अशा उंच डोंगरांच्या मागे वारा मरतो, तासन्‌तास इंजिन. आणि बेटाचं टोक ओलांडलं की खिंडीतून वारा दाबून येतो, वर अख्ख्या अटलांटिकच्या लाटा. शीड आखूड करायचं ते आडोशाला असतानाच, बाहेर गेल्यावर नाही. दक्षिणेकडून उत्तरेला जाताना वारा जवळजवळ तोंडावर, येताना सुख. ग्रेनेडाच्या उत्तरेला किक-एम-जेनी नावाचा पाण्याखालचा ज्वालामुखी आहे, त्याच्या भोवती दीड किलोमीटर जायचं नाही. तो अस्वस्थ असला की पाच किलोमीटर.

पाहुण्यांना इथे सगळे सांगतात: ठिकाण तुम्ही ठरवा किंवा तारीख तुम्ही ठरवा, दोन्ही मिळणार नाही. परतीचं विमान पकडायला म्हणून भलत्या हवेत निघालेल्या बोटींच्या कथा प्रत्येक बंदरात ऐकायला मिळतात.

गोंयकार_माड
विषय निघालाच आहे तर आमच्या दिवाडी बेटाचं नाव यायलाच हवं. रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली ५६ फुटी म्हादेई घेऊन कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, पहिले भारतीय. मग त्याच बोटीतून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये एकटे आणि न थांबता. २०१७-१८ मध्ये तारिणीवरून नौदलाच्या सहा जणी, आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा तारिणीवरून नौदलाच्याच दिलना आणि रूपा, दोघीच. आपल्याकडे हे होतच नाही असं नाही.

सागरगोटा
माडभाऊ, दंडवत त्या सगळ्यांना. पण तो खेळच वेगळा. ते लोक दक्षिण महासागरात, ४० अंशांच्या खाली, महिनोन्‌महिने. आम्ही कोथिंबीर मिळेल का बघत बेटाबेटाने जाणारे.

चिंचगूळ
नमस्कार. मी निळूची बायको. धागा काढल्याचं मला काल कळलं. मला तीन गोष्टी सांगा. संडासाचं काय? भांडण झालं की जायचं कुठे? आणि स्वयंपाक.

बाळाजीपंत_कोथरूड
आता धाग्याला खरी सुरुवात झाली.

सागरगोटा
चिंचगूळ, बरं झालं आलात.

संडास हातपंपाचा, समुद्राच्या पाण्यावर. लघवी आणि खारं पाणी मिळून नळ्यांत चुन्यासारखा थर धरतो आणि भोक बारीक होत जातं. म्हणून अधूनमधून व्हिनेगर ओतायचं. नियम एकच, जे पोटातून आलेलं नाही ते त्यात टाकायचं नाही, कागदसुद्धा नाही. पाहुण्यांना हे पहिल्या पाच मिनिटांत, लाज न बाळगता सांगायचं.

भांडण झालं की जो आधी डिंगीत उतरतो तो जिंकला. दुसऱ्याला पोहत जावं लागतं. पण यातली गंभीर गोष्ट सांगते. पुष्कळ बोटींवर नवरा बोट चालवतो आणि बायको दोर धरते, चहा करते. नवरा पाण्यात पडला तर? तिला एकटीला बोट वळवून त्याच्यापर्यंत आणता आली पाहिजे, शिडं उतरवता आली पाहिजेत, रेडिओवर बोलता आलं पाहिजे. निघण्याआधी याचा सराव करा, फळकूट पाण्यात टाकून. नांगर टाकताना सुकाणू तुम्ही घ्या आणि साखळी त्यांना द्या. ओझं पुढे असतं, अक्कल मागे लागते. आमच्याकडे हीच वाटणी आहे.

स्वयंपाकात तुमची चंगळ आहे. प्रेशर कुकर घेऊनच या, गॅसही वाचतो, पाणीही, आणि बोट हलली तरी आमटी सांडत नाही. इथल्या बाजारात कॅलालू म्हणून जी जुडी मिळते ती अळूची पानं. ताजं खोबरं घालून फदफदं करते मी, शेजारच्या बोटीवरचे स्वीडिश लोक वाडगा घेऊन येतात. तुरीचे ओले दाणे हंगामात मिळतात. आणि नीरफणस! कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये ताहितीहून त्याची रोपं सेंट व्हिन्सेंटला आणली, मळ्यातल्या गुलामांना स्वस्तात खायला घालायला. आज ते तिथलं आवडीचं अन्न आहे, आणि मालवणी पद्धतीने रवा लावून त्याच्या कापा केल्या की दुसरं काही नको. त्रिनिदादला १८४५ पासून आणि ग्रेनेडाला १८५७ पासून भारतातून मजूर नेले, बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशातले. त्यामुळे दालपुरी, चण्याची भाजी, आंब्याचं लोणचं रस्त्यावर मिळतं. चव आपल्या ओळखीची, तरी निराळी.

खबरदारी दोन. पुठ्ठ्याची खोकी बोटीवर आणायची नाहीत, झुरळांची अंडी पन्हाळीच्या आत असतात. सगळं धक्क्यावरच काढून डब्यांत. आणि गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी साठतो आणि ठिणगी पडली की संपलं. म्हणून सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात, ज्याचं भोक थेट समुद्रात उघडतं. स्वयंपाक झाला की कॉक बंद, तुम्ही दमला असलात तरी.

हो, आणि किनाऱ्यावर हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं लागलेलं झाड दिसलं तर त्याच्यापासून लांब. मॅनचिनील. फळ विषारी, चीक अंगावर फोड आणतो. पावसात त्याच्या खाली उभंसुद्धा राहायचं नाही.

वाळवंटातला_निळू
घरातच विरोधी पक्ष होता, तो आता तुमच्या बाजूने झाला. पासपोर्टचं सांगा. आम्ही दोघंही भारतीय.

सागरगोटा
डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनेडा यांना भारतीय पासपोर्टवर थोड्या मुक्कामासाठी आधी व्हिसा लागत नाही. अँटिग्वाची आधी चौकशी करा. नियम बदलत असतात, सगळंच निघण्यापूर्वी पुन्हा तपासा. तुमची अडचण पहिल्याच पावलावर आहे. मार्टिनिक आणि ग्वादलूप फ्रान्सचे असले तरी शेंगेनमध्ये येत नाहीत. ग्रीसचा शेंगेन व्हिसा तिथे चालणार नाही. फ्रेंच वकिलातीत अर्ज करताना या बेटांसाठीच मागावा लागतो. बोट खरेदीचे कागद, बोट तपासणाऱ्या सर्वेक्षकाची तारीख जोडा.

बाकी प्रत्येक देशात शिरताना पिवळा झेंडा, कस्टम आणि इमिग्रेशन, मग त्या देशाचा झेंडा. निघताना पुन्हा तेच. इंग्रजी बेटांवर ऑनलाइन फॉर्म आधी भरून नेता येतो, रविवारी गेलात तर जादा पैसे. फ्रेंच बेटांवर एखाद्या दुकानातल्या संगणकावर माहिती भरायची, छापायची, शिक्का घ्यायचा, संपलं. इंग्रजी बेटांवर पूर्व कॅरिबियन डॉलर, १९७६ पासून अमेरिकी डॉलरला २.७० असा बांधलेला, फ्रेंच बेटांवर युरो.

बाळाजीपंत_कोथरूड
ताई, सगळं वाचलं. पण हे शेवटी पैसेवाल्यांचं काम, नाही का?

सागरगोटा
अंशतः खरं आहे, नाकारत नाही. पण माझ्या शेजारी कोट्यवधींची कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट, आहे, आणि तिच्या पलीकडे पेन्शनवर जगणारा, चाळीस वर्षं जुन्या ३० फुटी बोटीतला कॅनेडियन आजोबा. समुद्र दोघांना सारखाच हलवतो. बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी दुरुस्तीला धरा असं म्हणतात. जुन्या बोटीला ते कमी पडतात. रोजचं जेवणखाण स्वस्त पडू शकतं, पैसे जातात ते बोट उचलण्यात, बुडाला शिंपले धरू नयेत म्हणून लावायच्या तांबं घातलेल्या रंगात, विम्यात, इंजिनात. आणि सुटा भाग परदेशातून मागवला की त्याची वाट बघण्यात. महिनाभर एका पंपाच्या सीलसाठी एकाच खाडीत पडून असलेली माणसं मला माहीत आहेत, खाडी सुंदर होती तरी त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

चिंचगूळ
खरेदीला जाऊ तेव्हा मी काय बघू? निळू छताचे आणि स्पीकरचे फोटो पाठवतोय.

सागरगोटा
स्वतंत्र सर्वेक्षक, विकणाऱ्याने सुचवलेला नाही. बोट पाण्यातून बाहेर काढून बघायची, त्याचा खर्च तुमचा. डोलकाठी धरणाऱ्या तारा कधी बदलल्यात ते कागदावर मागा, दहा वर्षं उलटली असतील तर विमा कंपनी नव्या घालायला सांगेल आणि ती रक्कम किमतीतून कमी करून घ्या. त्या तारा डेकमध्ये जिथे रुततात तिथे आतल्या लाकडावर पाण्याचे डाग आहेत का बघा. भाड्याने फिरलेली बोट असेल तर इंजिनाचे तास बघा, ते बहुधा भरपूर असतात. सुकाणू हाताने हलवून खुळखुळतं का बघा. आणि जाहिरातीत वीस फोटो असून त्यात इंजिनाचा एकही नसेल, तर त्या बोटीसाठी विमानाचं तिकीट काढू नका.

चिंचगूळ
त्याने पाठवलेल्या तिन्ही जाहिरातींत नाहीये.